दोनशे तासांचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा गिरणीसंपाच्या किंवा बोरघाटात राबलेल्या मजुरांच्या इतिहासाची असावी. आम्ही विषय कळविला तो वैमानिकांचा. चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "दादा, बोनसवरून एकदम विमानावर?" त्यांचे आश्चर्य रास्त होते. आमचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेले. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटण्याची वाट पाहत. विमानात आम्ही उभ्या आयुष्यात दोनदा बसलो, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. तरीही हा विषय घेतला, कारण तो आमच्या कचेरीत चालत आला होता.

सन २००७ मधील गोष्ट. खोपोलीच्या एका कारखान्यातील फिटर आपल्या मुलाला घेऊन आला. घर खालापूर तालुक्यातील एका खेड्यात, थोडी भातशेती, मुलगा नुकताच बारावी झालेला. फिटर म्हणाला, "दादा, याला विमान चालवायचंय म्हणे. तुम्हीच समजावा." आम्ही हसलो. हे कबूल केलेच पाहिजे, कारण त्या हसण्याची लाज आम्हांस अजून वाटते. मुलाने मुकाट्याने वही उघडली आणि म्हणाला, "काका, फक्त दोनशे तास लागतात. बाबा वर्षाला चोवीसशे तास काम करतात."

आम्ही गप्पच झालो. आठ तासांची पाळी आणि वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे चोवीसशे तास; हिशेबात चूक नव्हती. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळावयास आपल्या देशात दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यांतले शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, वीस तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, काही केवळ उपकरणांकडे पाहून, काही रात्रीचे. हे तास एका वहीत नोंदवितात, तिला लॉगबुक म्हणतात. आम्ही कामगारांच्या भाषेत तिला मस्टर म्हणू. फरक इतकाच की मस्टरवरील तासाचे पैसे कामगाराला मिळतात आणि लॉगबुकातील तासाचे पैसे शिकणाऱ्याने द्यावयाचे असतात. मुलाने पुढचे पान उलटले. बाबांच्या हाती पडणारा पगार तासाला सुमारे साठ रुपये; उड्डाणाचा एक तास तेव्हा सात हजारांच्या आसपास. म्हणजे मुलाच्या एका तासासाठी बापाचे एकशे सोळा तास. दोनशे तासांसाठी, घरात चूल न पेटवता, जवळजवळ दहा वर्षे.

त्या रात्रीपासून आम्ही शोधू लागलो की हा तास आजवर कोणाला कसा परवडला. जे सापडले त्यावरून आमचे मत असे झाले की उड्डाणाच्या तासाची पूर्ण किंमत शिकणाऱ्यानेच मोजावी, असा काळ विमानविद्येच्या इतिहासात फार थोडा आहे. बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी त्यात हात घातलेला असतो. प्रश्न असतो तो हा की त्याने हात का घातला आणि कोणासाठी.

पहिल्या महायुद्धानंतर विमाने पुष्कळ झाली होती, पण ती राजेरजवाड्यांच्या नाहीतर लष्कराच्या खिशाची. १९२५ साली इंग्लंडात ज्यॉफ्री डी हॅविलंड याने मॉथ नावाचे लहान विमान काढले. लाकडाचा सांगाडा, वर कापड, पंख मागे दुमडून ते मोटारीच्या गाळ्यात राहावे इतके आटोपशीर. त्याचे इंजिनही युद्धातून उरलेल्या मोठ्या इंजिनाचे अर्धे करून बनविलेले. भंगारातून उपयोगाची वस्तू काढणे हे आमच्या खोपोलीच्या कारागिरांना नवे नाही, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना पैसे द्यावयास आरंभ केला. सरकारचा हेतू परोपकाराचा नव्हता. उद्या युद्ध झाले तर वैमानिक आयते हवेत, हा होता.

तीच कल्पना दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात आली. दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई येथे क्लब निघाले. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूच्या मैदानावर सुरू झाला. सरकारने मॉथ विमाने दिली, अनुदान दिले. आता सभासद कोण ते पाहा. गोरे अधिकारी, संस्थानिक, पेढीवाले. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी या देशातील पहिला परवाना मिळाला. त्यांच्या कर्तबगारीविषयी आमच्या मनात आदरच आहे; परंतु ते टाटा होते. सरकारी अनुदानाचा लाभ प्रथम त्यांना मिळाला ज्यांना त्याची सर्वांत कमी गरज होती. अनुदानाच्या बाबतीत हे पुढेही पुष्कळदा घडले आहे, मग ते विमानाचे असो की खताचे.

१९३० सालासाठी आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. त्या काळी नवे मॉथ साडेसहाशे पौंडांच्या आसपास मिळे, यावरून बक्षिसाचे मोल समजेल. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि टाटा असे तिघे उतरले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे अस्पी इंजिनातल्या प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्या जवळचा जादा प्लग त्याला दिला आणि शर्यत अस्पीनेच जिंकली. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. टाटांच्या मोठेपणाची म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात आणि ती आहेच. आम्हांस त्यात आणखी एक दिसते: सतरा वर्षांच्या पोराचे भवितव्य एका प्लगवर अडावे आणि तो प्लग प्रतिस्पर्ध्याच्या खिशात असावा.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले आणि वैमानिकी हा पोटाचा धंदा होऊ शकतो हे येथे प्रथम दिसले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून ते चार महिने उड्डाणे पुण्याहून, येरवड्याहून करीत. म्हणजे मुंबईचे ते हवाई टपाल पावसाळ्यात आमच्या कर्जतच्या घाटानेच वर चढत असले पाहिजे.

घाटाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, ती चहा-वड्यासाठी नव्हे. मागे बँकर लागावे म्हणून ती थांबते. सदतिसास एक असा घाटाचा चढ. पुढचे इंजिन कितीही दांडगे असले तरी मागून ढकलणारी इंजिने लागतातच. डेक्कन क्वीनच्या उतारूंना कोणी म्हणत नाही की तुम्ही आपल्या बळावर चढा, नाहीतर कर्जतला उतरा. बँकरचा खर्च रेल्वेच्या हिशेबात जातो आणि त्यात कोणास लाजिरवाणे वाटत नाही. लोणावळ्यापाशी बँकर सुटतात, गाडी पुढे आपली आपण जाते. वैमानिकाचे पहिले दोनशे तास हा घाट आहे.

गरिबांनी हा घाट स्वतःच्या युक्तीने कसा चढला याचे उत्तम उदाहरण जर्मनीत सापडते. महायुद्धात हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी इंजिनच काढून टाकले. १९२० पासून ऱ्होन भागातील वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ते ग्लायडर घेऊन जमू लागले. ग्लायडर हवेत सोडण्याची रीत अशी: पुढे रबरी दोर बांधावयाचा, त्याची दोन टोके मित्रांनी धरून उतारावर धावत सुटावयाचे आणि मागच्यांनी शेपूट सोडावयाचे, गलोलीतून दगड सुटावा तसे. एकाला मिनिटभर उडता यावे म्हणून आठ-दहा जणांनी धावावयाचे, मग ग्लायडर पुन्हा डोंगरावर ओढून आणावयाचे, मग दुसऱ्याची पाळी. आमच्याकडे भातलावणीला इर्जिक घालतात ती याहून वेगळी नाही. याच मुलांतून पुढे नाझींनी आपले वायुदल उभे केले, हेही विसरून चालणार नाही. स्वस्त शिक्षणाची किंमत कधीकधी फार उशिरा आणि फार जबर द्यावी लागते.

अमेरिकेत बेसी कोलमन नावाची एक कृष्णवर्णी मुलगी शिकागोत गिऱ्हाइकांची नखे साफ करून पोट भरीत होती. तिला उडावयाचे होते. तिच्या देशातील एकही विमानशाळा तिला घेईना, एकतर वर्ण काळा आणि त्यात बाई. तिने मजुरीतून पैसे साठविले, काही हितचिंतकांनी भर घातली, ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी परवाना घेऊन मोकळी झाली. पुढे १९३९ मध्ये अमेरिकन सरकारने कॉलेजांतून विमान शिकविण्याची योजना काढली. तीत चार लाखांहून अधिक लोक शिकले आणि टस्कीगीसारख्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थाही तीत आल्या. बेसी तोवर राहिली नव्हती. १९२६ मध्ये ती विमानातून पडून मरण पावली होती.

आता आपल्या घरी येऊ. ज्या वर्षांत जर्मन पोरे डोंगरावरून ग्लायडर सोडीत होती, त्यानंतर थोड्याच काळाने कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे गटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली हवेचे गणित शिकत होते. परत आल्यावर ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले, आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी पुष्पक. घाटग्यांचे नाव आमच्या शाळेत कोणी सांगितले नाही. पुष्पक म्हणजे दोन माणसांचे, नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनाचे, कापडी अंगाचे साधे विमान. त्यात दिमाख काही नाही. पण अशी दीडशेच्या आसपास विमाने तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. तोवर क्लबांकडे युद्धातून उरलेली टायगर मॉथ विमाने होती. ती झिजत चालली होती. पुष्पकाचे कापड फाटले तर ते क्लबाच्या शेडमध्येच नवे चढविता येई. आम्ही कारखान्यात उमेदवारी केलेली आहे, त्यामुळे ज्याची दुरुस्ती जागच्या जागी होते त्या यंत्राची किंमत आम्हांस कळते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने क्लबांचे अनुदान चालू ठेवले. क्लबाने शिकाऊ मुलास जितके उडविले त्या मानाने क्लबाला पैसे मिळत आणि मुलाला तास सवलतीत पडे. श्रीमंताचीच मुले तेव्हाही अधिक होती. पण शिक्षकाचा, रेल्वेतील कारकुनाचा मुलगा वैमानिक झाल्याची गोष्ट अशक्य राहिली नाही. १९५० मध्ये एन.सी.सी.चा हवाई विभाग निघाला आणि कॉलेजच्या पोरांना फुकट हवेत जाण्याची वाट मिळाली. पुण्यास हडपसरला केंद्र सरकारचे ग्लायडिंग केंद्र चालू झाले. तेथील फी सामान्य माणसाच्या आवाक्यातील असे.

दुसरी वाट होती राबून तास मिळविण्याची. परवाना हाती आलेला पोरगा क्लबातच दुय्यम शिक्षक म्हणून राहावयाचा. पगार तुटपुंजा, पण शिष्याच्या शेजारी बसून त्याचेही तास भरत. कोणी पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांवर जाई. त्या कामासाठी बंगळूरने १९७२ मध्ये बसंत नावाचे खास विमान काढले. शेताच्या डोक्यावरून, झाडे आणि विजेच्या तारा चुकवीत उडावयाचे काम अतिशय धोक्याचे. पण कंपनीला अनुभवी वैमानिक हवा असतो आणि अनुभव कोणी देत नाही, ही कोंडी नव्या मुलाला अशीच फोडावी लागे. आमच्या कारखान्यांतील हंगामी कामगार हे चांगले ओळखतील.

पुढच्या दशकांत सरकारचा हात हळूहळू आखडत गेला. पुष्पके जुनी झाली, पेट्रोल महागले, बाहेरून आणलेल्या विमानांचे सुटे भाग परकी चलनात आले. १९८० च्या दशकात उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे सरकारने राष्ट्रीय उड्डाण अकादमी काढली. शिक्षण उत्तम, फी मोठी. खाजगी शाळा निघाल्या. मुंबईच्या क्लबाला जुहूची गर्दी सोडून शिकवणीची उड्डाणे धुळ्यास न्यावी लागली. आज परवान्यापर्यंतचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत वैमानिकीचा समावेश केला होता ही चांगली गोष्ट. परंतु खाजगी क्लबांसाठी मर्यादा होती वर्षाला तीन लाख बहात्तर हजार. बँकर लावावयाचा आणि तो पळसदरीलाच सोडावयाचा, असा हा प्रकार.

तर तो फिटरचा मुलगा. पहिली दोन वर्षे त्याने हडपसरला घालविली. शनिवारी पहाटे खोपोलीहून एस.टी.ने लोणावळा, तेथून लोकलने पुणे, मग बस. आम्ही एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये लांबलचक पोलादी तार. तार खेचली जाते, ग्लायडर पतंगासारखा चढतो, हजारएक फुटांवर तार सुटते आणि मग काही आवाज नाही. चार-पाच मिनिटांत तो खाली. त्या पाच मिनिटांसाठी मुलगा दिवसभर उन्हात दुसऱ्यांचे ग्लायडर ढकलीत होता, पंखाचे टोक धरून धावत होता. आम्हांस वासरकुप्पेची आठवण झाली. पण ग्लायडरचे तास इंजिनाच्या तासांची जागा घेत नाहीत. हवा कळते, परवाना मिळत नाही.

२००९ मध्ये बापाने शेताचा तुकडा विकला, आईने पाटल्या दिल्या, आमच्या पतपेढीने कर्ज दिले आणि मुलगा एका विमानशाळेत दाखल झाला. शाळेचे नाव सांगत नाही. दोनशे तासांचे पैसे तिने आगाऊ घेतले. विमाने तीन, त्यांतले एक उडणारे, एक दुरुस्तीतले, एक सुट्या भागांसाठी उघडलेले. शिक्षक सोडून गेला. पावसाळा आला. चौदा महिन्यांत लॉगबुकात एकसष्ट तास. तेव्हा मात्र आम्ही स्वतः गेलो आणि व्यवस्थापकास म्हणालो, "साहेब, मस्टर दाखवा." ते म्हणाले, "हा काही कारखाना नाही." आम्ही म्हणालो, "कारखाना असता तर बरे झाले असते. तेथे काम न देता बसवून ठेवले तर भरपाई द्यावी लागते." बरीच हुज्जत झाली. चार हप्त्यांत काही रक्कम परत मिळाली.

नंतर तो दुसरीकडे, पैसे जमतील तसे तास घेऊ लागला. एखाद्या महिन्यात तीन, एखाद्या महिन्यात एकही नाही. गरीब माणूस घरही असेच बांधतो, यंदा जोते, पुढच्या साली भिंती. पण त्या वेळच्या नियमांत एक कलम होते: अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पाच वर्षांत केलेलेच तास धरावयाचे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. हाताची सवय मोडते हे आम्हांसही कळते. परंतु त्याचा अर्थ असा की सावकाश घेतलेले तास शिळे होतात. २०१५ मध्ये त्याच्या वहीत एकूण एकशे एकाहत्तर तास होते आणि मागच्या टोकाकडून ते गळू लागले होते. पुढून भरावयाचे आणि मागून गळावयाचे. मध्यंतरी, २०१२ मध्ये, किंगफिशर बंद पडली होती आणि परवाना असलेले वैमानिकही घरी बसले होते. मुलाने विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याच्या एका कंपनीत नोकरी धरली. तो अजून त्याच धंद्यात आहे. हुद्दा वाढला आहे, लग्न झाले आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या जमिनीसाठी पनवेलकडील गावेच्या गावे उठली. तेथील भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून ज्या सभा झाल्या त्यांत आम्हीही बोललो आहोत. मागण्यांच्या यादीत लोडर होते, चालक होते, पहारेकरी होते, सफाईवाले होते. विमान चालविणाऱ्याचे नाव यादीत घालावे हे व्यासपीठावर कोणालाच सुचले नाही. आम्हांलाही नाही.

गेल्या महिन्यात तो मुलगा, आता पस्तिशीच्या पुढचा, पुन्हा कचेरीत आला. तीच जुनी वही काखेत. पतपेढीची कर्जमर्यादा वाढली आहे का, हे त्याला विचारावयाचे होते. त्याने वही उघडून नवे पान दाखविले. स्वतःचा पगार तासाला दीडशे रुपये, उड्डाणाचा तास पंधरा हजार. "काका, बाबांच्या वेळी एका तासाला त्यांचे एकशे सोळा तास लागत होते. माझ्या वेळी माझे शंभर लागतात. म्हणजे एका पिढीत सोळा तास कमी झाले." आम्ही कागद-पेन्सिल घेऊन गणित पुन्हा करून पाहिले. बरोबर होते. मग पतपेढीच्या पोटनियमांचे पुस्तक काढले आणि दोघे मिळून कर्जाचे कलम वाचीत बसलो.